‘ब’ कावीळ : रोग यकृताचा, भार मनाचा

कावीळ झालेल्या माणसाला सारे जग पिवळे दिसते, असे म्हणण्याची मराठीत वहिवाट आहे. वैद्यकाच्या दृष्टीने ते खरे नाही. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, दृष्टीला पिवळेपणा सहसा येत नाही. परंतु काविळीशी नाते सांगणारा एक विकार असा आहे की, त्यात रुग्णाचे डोळे बहुधा स्वच्छ असतात, त्याची प्रकृती धडधाकट असते, आणि भोवतालचे लोक मात्र त्याच्याकडे एकाएकी निराळ्या नजरेने पाहू लागतात. ‘हिपॅटायटिस बी’, किंवा बोलण्यातील ‘ब कावीळ’, हा तो विकार होय. त्याचा विषाणू यकृतात शिरून वर्षानुवर्षे तेथे राहिला म्हणजे यकृताचे काय होते, यासंबंधी गेल्या साठ वर्षांत वैद्यकाने पुष्कळ ज्ञान मिळविले आहे. ज्याच्या शरीरात तो राहतो त्या माणसाच्या मनाचे, संसाराचे आणि समाजातील स्थानाचे काय होते, इकडे मात्र त्या मानाने थोडेच लक्ष गेले आहे. वास्तविक, अनेक रुग्णांना रोगाचा त्रास सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधी या दुसऱ्या गोष्टीचा त्रास भोगावा लागतो.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. कावीळ हा स्वतंत्र रोग नव्हे. ते एक लक्षण आहे. रक्तातील पित्ताचे रंगद्रव्य वाढले की त्वचा आणि डोळे पिवळे दिसू लागतात, आणि असे होण्याची कारणे अनेक असतात. यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी ए, बी, सी, डी आणि ई हे पाच प्रमुख मानले जातात. यांपैकी ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. पावसाळ्यात अमक्या गावी काविळीची साथ आली असे जे ऐकू येते, ते बहुधा या दोघांचे काम असते. बी विषाणूचा मार्ग अगदी वेगळा आहे. तो रक्तातून आणि शरीरातील काही स्रावांतून जातो. बाधित मातेकडून प्रसूतीच्या वेळी बालकाकडे, शरीरसंबंधातून, निर्जंतुक न केलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून किंवा दात घासण्याच्या ब्रशातून त्याचा प्रवेश होऊ शकतो. अन्न, पाणी, शिंक, खोकला, हस्तांदोलन, आलिंगन किंवा एका पंगतीस जेवणे यांपैकी कशातूनही तो पसरत नाही. लोकांच्या मनात मात्र सगळ्या काविळी एकच असतात. त्यामुळे पाण्यातून येणाऱ्या काविळीत घ्यावयाची काळजी रक्तातून येणाऱ्या काविळीत घेतली जाते, आणि या दुसरीत जी खरी काळजी घ्यावयाची ती राहून जाते. पुढच्या बऱ्याचशा दुःखाचे मूळ या एका घोटाळ्यात आहे.

बी विषाणू रक्तात सहा महिन्यांहून अधिक काळ टिकला म्हणजे तो विकार दीर्घकालीन झाला असे समजतात. तो कोणाच्या शरीरात टिकेल हे मुख्यतः लागण कोणत्या वयात झाली यावर अवलंबून असते. निरोगी प्रौढ माणसाला लागण झाली, तर शंभरांपैकी पंचाण्णव किंवा त्याहून अधिक जणांचे शरीर विषाणूला हुसकावून लावते. नवजात बालकाला लागण झाली तर स्थिती नेमकी उलट होते. शंभरांपैकी नव्वद किंवा त्याहून अधिक बालकांच्या शरीरात तो कायमचा राहतो. याचे कारण असे की, त्या कोवळ्या वयात शरीराची संरक्षणव्यवस्था आपला आणि परका हा भेद पुरतेपणी ओळखू शकत नाही, आणि घरात शिरलेल्या परक्याला ती जणू आश्रय देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख माणसे हा विषाणू घेऊन जगत होती, आणि त्यांपैकी जवळजवळ ३ कोटी एकट्या भारतात होती. यांतील फार मोठ्या संख्येला हा विषाणू जन्मतः किंवा अगदी लहानपणी मिळालेला आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे, कारण पुढे येणारा लज्जेचा आणि दोषाचा सारा प्रश्न तिच्याशी निगडित आहे.

हा विषाणू स्वभावाने शांत असतो. वीस वर्षे, तीस वर्षे, क्वचित आयुष्यभर तो रुग्णाला आपल्या अस्तित्वाची जाणीवसुद्धा करून देत नाही. परंतु शांत असतो म्हणून तो नेहमीच निरुपद्रवी असतो असे नव्हे. दीर्घकालीन लागण झालेल्या प्रौढांपैकी शंभरांत वीस ते तीस जणांना पुढे यकृत आकसून निकामी होत जाण्याचा विकार किंवा यकृताचा कर्करोग जडतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेले सत्तर-ऐंशी जण त्या वाटेने जात नाहीत. पण आपण कोणत्या गटात पडणार, हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. रुग्णाच्या मनावर येणारे पहिले ओझे ते हेच.

बातमी कळते ती बहुधा अगदी आडवाटेने. कोणी उत्साहाने रक्तदान करतो, आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून त्याला बोलावणे येते. एखादी सून पहिलटकरीण म्हणून दवाखान्यात नाव घालते, आणि नेहमीच्या तपासण्यांत हे नाव निघते. कोणाची हर्नियाची साधी शस्त्रक्रिया ठरलेली असते, आणि तिच्या आदल्या दिवशी कागद हाती पडतो. गोवा, रत्नागिरी किंवा हैदराबाद येथून आखाती देशांत नोकरीसाठी निघालेल्या तरुणाला तर वैद्यकीय तपासणीच्या जागीच ही गोष्ट समजते. त्या तपासणीत या विषाणूचा शोध घेतला जातो, आणि तो सापडल्यास उमेदवार बहुधा ‘अपात्र’ ठरतो. दलालाला पैसे दिलेले असतात, घरच्यांनी पुढची स्वप्ने रंगविलेली असतात, आणि ज्याला आयुष्यात एक दिवसही अंथरूण धरावे लागले नाही, त्याच्या कागदावर तो शिक्का उमटतो. आजार अंगाला जाणवला, मग वैद्याकडे गेलो, मग निदान झाले, हा सर्वांच्या परिचयाचा क्रम आहे. येथे आधी निदान येते, आणि आजार कुठे आहे याचा शोध रुग्ण नंतर स्वतःच्या शरीरात घेऊ लागतो. कालपर्यंत ज्या थकव्याकडे त्याने लक्ष दिले नव्हते, तो थकवा आज त्याला अशुभ वाटू लागतो. उजव्या बरगडीखाली जराशी कळ आली तरी रात्रीची झोप उडते.

त्यानंतर प्रश्न उभा राहतो तो ‘हे आले कोठून?’ हा. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही, कारण लागण होऊन पंचवीस-तीस वर्षे लोटलेली असतात. उत्तर नसले की तर्काला वाव मिळतो, आणि लोकांचा तर्क नेहमी एकाच दिशेने धावतो. शरीरसंबंधातून हा विषाणू पसरतो एवढे अर्धे वाक्य बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यामुळे पती पत्नीकडे आणि पत्नी पतीकडे संशयाने पाहू लागते. वडीलमाणसे मुलाच्या परगावच्या वास्तव्याचा हिशेब मनातल्या मनात मांडू लागतात. जो विषाणू बाळंतिणीच्या खोलीत, जन्माच्या पहिल्या घटकेत अंगात आला असण्याचा संभव अधिक, त्याच्यासाठी माणसाला आपल्या चारित्र्याची साक्ष द्यावी लागते. पुष्कळजण ती देतही नाहीत. ते गप्प बसतात, आणि त्यांचे गप्प बसणे हीच त्यांच्या अपराधाची कबुली समजली जाते.

‘वाहक’ हा शब्दही या दुःखात भर घालतो. ज्याला लक्षणे नाहीत पण ज्याच्या रक्तात विषाणू आहे, त्याला वैद्यकात पूर्वीपासून वाहक म्हणत आले आहेत. वैद्यांच्या पुस्तकात हा शब्द निर्विकार असेल, पण ज्याला तो लावला जातो त्याच्या कानाला तो आरोपासारखा वाटतो. आपण माणूस नसून रोग वाहून नेणारे एक भांडे आहोत, आपल्या स्पर्शाने दुसऱ्याचे वाईट होईल, ही भावना एकदा मनात रुजली की ती सहजासहजी जात नाही. निरनिराळ्या देशांत या रुग्णांची जी पाहणी झाली आहे, तीत चिंता, खिन्नता आणि स्वतःविषयीची लज्जा या गोष्टी वारंवार आढळून आल्या आहेत. त्यांतील पुष्कळांचे यकृत तपासणीच्या वेळी चांगल्या स्थितीत होते.

घरात जे घडते त्याला आपल्याकडे एक विशेष रूप येते. उष्टे, विटाळ, सोवळे-ओवळे या कल्पना आता बोलण्यातून बऱ्याच मागे पडल्या असल्या, तरी हाताच्या सवयीतून त्या गेलेल्या नाहीत. घरात ‘ब कावीळ’ असे नाव निघाले की कोणी काही न बोलता एक ताट, एक वाटी आणि एक पेला बाजूला काढला जातो. त्यामागे द्वेष नसतो. बहुधा काळजीच असते. परंतु ज्याचे ताट वेगळे झाले त्याला ती काळजी म्हणून जाणवत नाही. पंक्तीला बसणे म्हणजे नुसते अन्न खाणे नव्हे, तर आपण या घरचे आहोत याची रोजची खूणगाठ असते. ती सुटली म्हणजे आपल्याच घरात माणूस पाहुण्यासारखा वावरू लागतो. नातवाला मांडीवर घेताना आजोबा हात आखडता घेतात. सणाच्या दिवशी पुरण वाटावयास बसलेल्या सुनेच्या हातातून सासूबाई वरवंटा हळूच काढून घेतात. कोणी भांडत नाही, कोणी टाकून बोलत नाही, आणि म्हणूनच तक्रार कोणापाशी करावी हेही कळत नाही.

या वेगळ्या ताटाचा उपयोग मात्र शून्य असतो. विषाणू ताटातून जात नाही. तो जातो त्या वाटेवर लक्ष द्यावयाचे तर घरात करावयाच्या गोष्टी अगदी थोड्या आहेत. वस्तरा, दाढीचे पाते, नखे काढण्याचे साधन आणि दात घासण्याचा ब्रश या वस्तू ज्याच्या त्याने वेगळ्या वापराव्यात, आणि हा नियम निरोगी घरातही पाळण्यासारखाच आहे. जखम झाली तर ती झाकावी. सांडलेले रक्त जंतुनाशकाने नीट पुसून काढावे, कारण हा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, घरातील प्रत्येकाची रक्ततपासणी करून ज्यांना लागण झालेली नाही आणि ज्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही त्यांना लस टोचून घ्यावी. लसीच्या मात्रा पुऱ्या झाल्या आणि प्रतिकारशक्ती आली की त्या माणसाला या विषाणूचे भय उरत नाही. किती घरांत ताटे वेगळी झाली आणि किती घरांत लस टोचली गेली, याचा ताळा कोणी घेतला तर भीतीची जागा कशी चुकली आहे हे ध्यानात येईल.

विवाहाच्या प्रश्नावर तर हा पेच अधिकच कठीण होतो. स्थळ आले, गुण जुळले, बोलणी झाली. आता सांगावे की न सांगावे? सांगितले तर स्थळ मोडण्याची धास्ती, आणि ते ज्या कारणाने मोडले ते कारण नातेवाइकांत पसरण्याची त्याहून मोठी धास्ती. न सांगितले तर जन्मभर मनावर दडपण, आणि शिवाय जोडीदाराला खरोखरीचा धोका. मुलीच्या बाबतीत घरची वडीलमाणसे बहुधा मौनाचा सल्ला देतात. या पेचाला वैद्यकाचे उत्तर मात्र साधे आहे. जोडीदाराने विवाहापूर्वी लसीच्या तीन मात्रा घेतल्या आणि प्रतिकारशक्ती आल्याची तपासणी करून घेतली, तर सहजीवनाला या विषाणूची आडकाठी राहत नाही. म्हणजे जे सांगितल्याने लग्न मोडेल असे वाटते, तेच वेळेवर सांगितल्याने निर्धोक होते. परंतु यासाठी ऐकणाऱ्याला ही माहिती आधीपासून असावी लागते. सांगणाऱ्याच्या धैर्याइतकीच ऐकणाऱ्याच्या जाणतेपणाची येथे गरज असते.

मातृत्वाच्या संदर्भात अपराधाची भावना सर्वांत तीव्र होते. आपल्यामुळे आपल्या बाळाला हे मिळेल, या एका विचाराने अनेक स्त्रिया गर्भारपणाचे महिने भयाखाली काढतात. काहीजणी स्वतःच्या आईला मनोमन दोष देतात, आणि मग तसा दोष दिल्याबद्दल पुन्हा खंत करीत बसतात. खरे पाहता बी विषाणूच्या बाबतीत वैद्यकाने सर्वांत मोठा विजय मिळविला आहे तो येथेच. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लसीची पहिली मात्रा, त्याबरोबर शक्य तेथे तयार प्रतिपिंडांची सुई, आणि पुढे ठरल्या वेळी उरलेल्या मात्रा दिल्या की बहुतेक बालके वाचतात. मातेच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार असेल तर तिला गर्भारपणाच्या उत्तरार्धात गोळ्या देऊन तो धोका आणखी कमी करता येतो. बाळाला अंगावर पाजण्यासही हरकत नसते. तरीही कोणाच्या तरी सांगण्यावरून आईपासून बाळ दूर ठेवल्याची आणि वरचे दूध सुरू केल्याची उदाहरणे घडतात. अशा वेळी बाळाचे दूध तुटते आणि आईचे मनही तुटते. विषाणूचे त्यात काहीही बिघडत नाही.

नोकरी आणि शिक्षण या क्षेत्रांत हा प्रश्न किती दूरवर जाऊ शकतो, हे चीनच्या उदाहरणावरून दिसते. या विषाणूची बाधा असलेली माणसे त्या देशात जगात सर्वाधिक, म्हणजे २०२२ च्या अंदाजाप्रमाणे जवळजवळ ८ कोटी आहेत. तेथे शाळेच्या प्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत रक्ततपासणी करून या लोकांना वगळण्याची रीत अनेक वर्षे चालू होती. २००३ साली आन्हुई प्रांतातील वूहू शहरातील एका तरुणाने, परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही या कारणाने सरकारी नोकरी नाकारली गेल्यावरून, न्यायालयात दाद मागितली. २००४ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. पुढे सरकारी नोकरीचे नियम बदलले, आणि २०१० साली नोकरी व शाळाप्रवेश यांसाठी ही तपासणी करण्यास चीनमध्ये मनाई झाली. अमेरिकेसारख्या देशातही हा भेद होता. वैद्यकीय शिक्षणासाठी निवड झालेल्या विद्यार्थ्यांना या विषाणूमुळे प्रवेश नाकारण्यात आल्याचे प्रकरण तेथे २०१३ साली सरकारी न्यायखात्याने हाती घेऊन मिटविले, आणि अपंगांच्या हक्कांचा कायदा या रुग्णांनाही लागू होतो हे त्या निमित्ताने स्पष्ट झाले. भारतात २०१७ साली एड्सच्या विषाणूने बाधित लोकांना भेदभावापासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झाला. तसे स्वतंत्र संरक्षण बी विषाणूच्या रुग्णांच्या वाट्यास आलेले नाही.

एवढे झाल्यावर उपचाराचा विचार येतो, आणि त्यालाही मनाची एक बाजू आहे. प्रत्येक रुग्णाला औषधाची गरज असतेच असे नाही. कित्येकांना ठरावीक मुदतीने रक्त, यकृताची स्थिती आणि विषाणूचे प्रमाण तपासून घेणे पुरते. परंतु ‘आता काही करावयाचे नाही, सहा महिन्यांनी या’ हे वाक्य वैद्याला जितके दिलासादायक वाटते तितके रुग्णाला वाटतेच असे नाही. त्याची सहा महिन्यांची मुदत वाट पाहण्यात जाते. तपासणीचा दिवस जवळ आला की भूक मंदावते. कागद चांगला आला की काही आठवडे मोकळे जातात, आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. ज्यांना औषध लागते त्यांच्यासाठी रोज एक गोळी पुरते. टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर ही औषधे विषाणूला दाबून ठेवतात आणि यकृताचे पुढील नुकसान टाळतात. ती विषाणूला समूळ नाहीसा मात्र क्वचितच करतात, त्यामुळे बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. ही रोजची गोळी काहींना आधार वाटते, तर काहींना रोजची आठवण. एकत्र कुटुंबात किंवा वसतिगृहात राहणारे कितीतरी जण ती दुसऱ्याच डबीत लपवून ठेवतात, प्रवासात घेण्याचे टाळतात, आणि कोणी विचारू नये म्हणून शेवटी सोडून देतात. वैद्याच्या सल्ल्यावाचून गोळी बंद केल्याने विषाणू पुन्हा उसळून यकृताला तीव्र सूज येऊ शकते, प्रसंगी जिवावर बेतू शकते. लज्जेने शरीराची हानी होते ती अशी.

मौनाची किंमत आणखी एका रीतीने द्यावी लागते. जो आपला आजार लपवितो त्याची भावंडे तपासणीस जात नाहीत, आणि एकाच आईच्या पोटी आलेल्या भावंडांत हा विषाणू असण्याचा संभव तर अधिक असतो. उघडपणे रुग्णालयात जाण्याची चोरी वाटते म्हणून माणूस माळ घालणाऱ्याकडे आणि चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरविणाऱ्याकडे जातो. पाण्यातून आलेली कावीळ बहुधा आपोआपच बरी होते, आणि श्रेय माळेला मिळते. बी विषाणूच्या बाबतीत तो समज घातक ठरतो, कारण येथे डोळ्यांचा पिवळेपणा गेला म्हणजे रोग गेला असे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस जगातील या रुग्णांपैकी शंभरात सुमारे तेरा जणांनाच आपल्या स्थितीची माहिती होती आणि सुमारे तीन जणांनाच औषध मिळालेले होते. याला गरिबी आणि रुग्णालयांची कमतरता ही कारणे आहेतच. परंतु माहिती करून घेण्याचीच धास्ती वाटणे हेही एक कारण आहे.

या पार्श्वभूमीवर विज्ञानाने काय देऊ केले आहे ते पाहिले म्हणजे खेद आणि समाधान दोन्ही वाटतात. अमेरिकन शास्त्रज्ञ बरूख ब्लुमबर्ग यांना १९६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अपरिचित द्रव्य आढळले. निरनिराळ्या लोकांच्या रक्तातील आनुवंशिक भेद शोधताना हाती लागलेले ते द्रव्य बी विषाणूचे बाह्य आवरण आहे, हे पुढे सिद्ध झाले. या शोधामुळे रक्ताची तपासणी आणि लस या दोन्ही गोष्टी शक्य झाल्या, आणि ब्लुमबर्ग यांस १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. पहिली लस अमेरिकेत १९८१ साली संमत झाली; परंतु परदेशी लस सामान्य भारतीय कुटुंबाला परवडण्यासारखी नव्हती. १९९७ साली हैदराबाद येथे जैवतंत्रज्ञानाने स्वदेशी लस तयार होऊन बाजारात आली, आणि किमती झपाट्याने खाली आल्या. २०११ पासून ही लस देशभरच्या बालकांच्या नियमित लसीकरणात समाविष्ट आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली या विकाराची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य दिली जातात. म्हणजे ज्या गोष्टी पैशाने आणि ज्ञानाने मिळवावयाच्या, त्या बऱ्याच अंशी मिळालेल्या आहेत.

ज्या मिळावयाच्या राहिल्या त्या माणसामाणसांतील व्यवहारात आहेत, आणि त्यांची सुरुवात वैद्याच्या खोलीपासून होते. निदान सांगताना कागद पुढे सरकवून पुढच्या रुग्णाला हाक मारण्याऐवजी वैद्याने दहा मिनिटे दिली, हा विकार लहानपणीच लागलेला असण्याचा संभव मोठा आहे, एका पंगतीत जेवण्यास हरकत नाही, लग्न करता येते, मुले होऊ शकतात आणि मद्य वर्ज्य करावे, एवढे चार शब्द सांगितले, तर नंतरची कितीतरी वर्षे सुसह्य होतात. निदानाची गोष्ट रुग्णाच्या संमतीवाचून दुसऱ्या कोणाच्या कानी जाऊ न देणे, हाही त्या उपचाराचाच भाग होय. मनाचा भार फार झाला असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा नाही. खिन्नता हीही उपचाराने बरी होणारी गोष्ट आहे. रुग्णाने आपली गोष्ट साऱ्या गावाला सांगितली पाहिजे असे नाही. जोडीदार, घरची जवळची माणसे आणि उपचार करणारे वैद्य, दंतवैद्य यांना ती माहीत असली म्हणजे पुरते. ज्याला एक जरी विश्वासाचा माणूस आहे त्याला गोळी लपवून घ्यावी लागत नाही.

आप्तांचे काम त्याहून सोपे आहे. त्यांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी, लस घ्यावी, आणि मग निर्धास्तपणे पूर्वीसारखे वागावे. ज्यांनी लस घेतली त्यांना भिण्याचे कारण नाही, आणि ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठीच ती लस आहे.

२०११ नंतर जन्मलेल्या मुलांना या लसीचे संरक्षण मिळू लागल्याने पुढच्या पिढ्यांत हा विकार ओसरत जाईल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. परंतु त्यापूर्वी जन्मलेली लक्षावधी माणसे आणखी चाळीस-पन्नास वर्षे आपल्या घरांत, कचेऱ्यांत आणि पंगतींत असणार आहेत. त्यांना लस देऊन आता उपयोग नाही. त्यांच्यासाठी गोळी आहे, तपासणी आहे आणि शेजारी बसणारा माणूस आहे. पहिल्या दोन गोष्टी सरकारी केंद्रात मिळतात. तिसरी मिळण्याचे ठिकाण घरच होय, आणि तिची सुरुवात बाजूला काढून ठेवलेले ते ताट पुन्हा इतर ताटांत मिसळण्यापासून करता येईल.